बद्धकोष्ठावरील चिनी औषध परीक्षेला बसते तेव्हा...

पनवेल, प्रतिनिधी - सकाळी पोट साफ न होणे ही घराघरांतील तक्रार. पण चारचौघांत बोलण्याची नाही. त्यामुळे तिच्यावरील उपाय बहुधा डॉक्टरकडे न जाताच सुरू होतात. रात्री झोपताना त्रिफळा चूर्ण, गरम पाण्यातून इसबगोल, महिन्यातून एकदा एरंडेल आणि फारच त्रास झाला तर सोनामुखीचा काढा, हा क्रम अनेक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात आता इंटरनेटवरून मागविलेल्या चिनी वनौषधींच्या गोळ्यांची भर पडली आहे. 'हजारो वर्षांपासून वापरात' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' हे दोन शब्दप्रयोग या सर्वच औषधांच्या वेष्टनांवर आढळतात. मात्र एखादे औषध जुने आहे म्हणून ते गुणकारी आहे काय, आणि नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे काय, या प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर मिळत नाहीत. ती प्रयोगातूनच मिळवावी लागतात.

खारघर वसाहतीत सामावून गेलेले बेलपाडा हे मूळचे गाव या प्रश्नाच्या अगदी मध्यावर उभे आहे, असे म्हणता येईल. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोमुळे बेलपाड्याचे नाव आता स्थानकाच्या फलकावरही आले. याच तालुक्यात, पनवेल शहरात वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये 'श्री धूतपापेश्वर' या आयुर्वेदीय औषधी कारखान्याचा पाया घातला. खारघरमध्येच आयुर्वेदाचे पदव्युत्तर शिक्षण देणारे महाविद्यालय व रुग्णालय आहे. आणि त्याच खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राची 'अॅक्ट्रेक' ही कर्करोग संशोधन संस्था आहे, जिथे नवे औषध रुग्णाला देण्यापूर्वी त्याची पायरीपायरीने कठोर चाचणी घेतली जाते. ग्रंथाचा आधार मानणारी परंपरा आणि आकड्यांचा आधार मागणारे शास्त्र यांच्यात असे काही किलोमीटरचेच अंतर आहे. हे अंतर ओलांडता येते काय, याचे एक उत्तर हाँगकाँगमध्ये, तेही बद्धकोष्ठासारख्या साध्या वाटणाऱ्या विकाराच्या निमित्ताने मिळाले आहे.

अठराशे वर्षांपूर्वीचे सूत्र

चिनी वैद्यकात 'मा झी रेन वान' नावाची एक गोळी प्रसिद्ध आहे. इसवी सन २०० च्या सुमारास चांग चोंगचिंग या वैद्याने लिहिलेल्या 'शांग हान लुन' या ग्रंथात तिचे सूत्र दिले आहे. भांगेच्या झाडाचे बी हा तिचा मुख्य घटक. त्याशिवाय रेवंदचिनी, जर्दाळूच्या बीमधील गर, कच्चे कडू नारिंग, पिओनी या फुलझाडाचे मूळ आणि मॅग्नोलिया वृक्षाची साल असे आणखी पाच घटक तिच्यात असतात. भांगेचे नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. नशा आणणारी द्रव्ये या झाडाच्या फुलोऱ्यात असतात. भारतातही १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची व्याख्या करताना सुटे बी वगळले आहे, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने या बियांना, त्यांच्या तेलाला व पिठाला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली.

या गोळीतील खरी मेख रेवंदचिनीत आहे. सोनामुखीत जी रेचक द्रव्ये असतात, त्याच जातीची द्रव्ये रेवंदचिनीतही असतात. ती मोठ्या आतड्याला चेतवून मळ पुढे ढकलतात. त्यामुळे या गोळीने पोट साफ होते, एवढे सिद्ध करून भागत नाही. ती साध्या सोनामुखीपेक्षा काही अधिक करते काय, हा खरा प्रश्न आहे.

आधी मात्रा, मग तुलना

हाँगकाँग बाप्टिस्ट विद्यापीठातील प्रा. बियान चाओश्यांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम टप्प्याटप्प्याने केले. त्यांचा पहिला अहवाल २०११ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध गुणकारी आहे काय हे विचारण्यापूर्वी ते किती द्यायचे हे त्यांनी ठरविले. ९६ रुग्णांना अडीच, पाच व साडेसात ग्रॅम अशा तीन वेगवेगळ्या मात्रा दिवसातून दोन वेळा देण्यात आल्या. त्यांत साडेसात ग्रॅमची मात्रा सर्वांत योग्य ठरली.

त्यानंतर १२० रुग्णांची दोन समान गटांत विभागणी झाली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरने ठरविले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ते ठरले. एका गटाला खरे औषध मिळाले आणि दुसऱ्याला 'प्लासिबो', म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी पूड. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नव्हते. दोन आठवडे निरीक्षण, आठ आठवडे उपचार आणि औषध बंद केल्यावर पुन्हा आठ आठवडे निरीक्षण, असा हा अठरा आठवड्यांचा प्रयोग होता. कोणतेही जुलाबाचे औषध न घेता आपोआप होणारी आणि पोट पूर्ण मोकळे झाल्याचे समाधान देणारी शौचक्रिया आठवड्यातून सरासरी किमान एकदा वाढली, तरच रुग्णाला गुण आला असे मानायचे, ही कसोटी होती.

निष्कर्ष असा निघाला: उपचाराच्या काळात खरे औषध घेणाऱ्यांपैकी ४३.३ टक्के रुग्णांना गुण आला, प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ८.३ टक्क्यांना. औषध थांबविल्यानंतरच्या आठ आठवड्यांत हे प्रमाण अनुक्रमे ३० व १५ टक्के राहिले.

ओळखीच्या औषधाशी सामना

एवढ्यावर समाधान मानून संशोधक थांबले असते तर रेवंदचिनीचा प्रश्न तसाच राहिला असता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत २९१ रुग्ण होते आणि या वेळी गट तीन होते. एकाला चिनी औषध, दुसऱ्याला सोनामुखी व तिसऱ्याला प्लासिबो. आठ आठवड्यांच्या उपचारानंतर गुण आलेल्यांचे प्रमाण चिनी औषधाच्या गटात ६८ टक्के, सोनामुखीच्या गटात ५७.७ टक्के व प्लासिबोच्या गटात ३३ टक्के होते. चिनी औषध व सोनामुखी यांच्यातील दहा टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. म्हणजे तो योगायोगाचाही असू शकतो. उपचार चालू असेपर्यंत दोन्ही औषधे जवळपास तुल्यबळ ठरली.

फरक दिसला तो औषध बंद केल्यावर. त्यानंतरच्या आठ आठवड्यांत चिनी औषधाच्या गटातील ४७.४ टक्के रुग्णांचा गुण टिकून होता. सोनामुखीच्या गटात हे प्रमाण २०.६ टक्क्यांवर, म्हणजे प्लासिबोच्या १७.५ टक्क्यांच्या आसपास घसरले. याचा अर्थ, रेवंदचिनी वगळता उरलेल्या घटकांचाही काही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. मात्र तो वाटा नेमका कोणत्या घटकाचा आणि कसा, हे या आकड्यांवरून कळत नाही. शिवाय आठ आठवड्यांचा उपचार निर्धोक ठरला म्हणून तोच आठ वर्षे चालू ठेवावा, असेही त्यातून निघत नाही.

प्लासिबोची रांग का हवी?

या दोन चाचण्यांतील एक आकडा विशेष बोलका आहे. पहिल्या चाचणीत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी केवळ ८.३ टक्क्यांना बरे वाटले, तर दुसरीत तब्बल ३३ टक्क्यांना. शहर तेच, विकार तोच, उपचाराचा कालावधीही तोच. तरीही औषध नसलेल्या पुडीने दुसऱ्या वेळी दर तीन रुग्णांपैकी एकाला आराम पडला. बद्धकोष्ठाचा त्रास मुळातच कमीजास्त होत असतो. त्रास शिगेला पोहोचला की रुग्ण उपचार शोधतो आणि त्यानंतर तो काहीसा आपसूकच उतरतो. चाचणीत नाव घातल्यावर पाणी पिणे, वेळेवर जेवणे, शौचाची नोंद ठेवणे याकडे लक्ष जाते. उपचारावरील विश्वासाचाही परिणाम होतो. हे सारे वजा केल्याखेरीज औषधाचे श्रेय औषधाला देता येत नाही, आणि ते वजा करण्याचे साधन म्हणजे त्याच चाचणीतील, त्याच काळातील प्लासिबोचा गट. 'आमच्या शंभर रुग्णांपैकी साठ बरे झाले' या दाव्याला तुलनेविना अर्थ उरत नाही, तो यामुळेच.

मुंबईतील प्रयत्न

या निकषावर आपल्याकडील काम कुठे आहे? मुंबईच्या नायर रुग्णालयातील संशोधकांनी इसबगोल, सोनामुखी व त्रिफळा यांच्या एकत्रित औषधाची बद्धकोष्ठाच्या ३४ रुग्णांवर चाचणी घेतली. तिचा अहवाल २०११ मध्येच, म्हणजे हाँगकाँगच्या पहिल्या अहवालाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. चौदा दिवसांच्या उपचारानंतर शौचाचे प्रमाण वाढले व शौचालयात लागणारा वेळ कमी झाला, असे त्यात आढळले. परंतु ही चाचणी प्राथमिक स्वरूपाची होती. औषध कोणते आहे हे सर्वांना ठाऊक होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. संशोधनाचा पहिला टप्पा असाच असतो, त्यात वावगे काही नाही. मात्र एकाच वर्षी सुरुवात झालेल्या या दोन कामांपैकी हाँगकाँगचे औषध आठ वर्षांत २९१ रुग्णांच्या तीनपदरी तुलनेपर्यंत पोहोचले. त्रिफळा तर चिनी गोळीपेक्षा आपल्या घरात कितीतरी अधिक खाल्ली जाते.

आपल्याकडे अशा परीक्षेची परंपराच नाही, असे मात्र नव्हे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या रक्तदाबावरील परिणामाचा अभ्यास १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला आणि ही भारतीय वनस्पती जगाच्या वैद्यकात पोहोचली. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेदीय औषधांच्या आधुनिक औषधशास्त्रीय अभ्यासाला मोठी चालना दिली. भगंदरावरील क्षारसूत्र उपचाराची शस्त्रक्रियेशी थेट तुलना करणारी बहुकेंद्री चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार क्षारसूत्राने जखम भरण्यास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेनंतर चार. पण विकार उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्राने ४ टक्के होते, तर शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के. एका बाबतीत जुना उपचार उणा आणि दुसरीत सरस, असे प्रांजळ उत्तर त्या चाचणीने दिले. त्यामुळे आयुर्वेदाचे नुकसान झाले नाही. उलट क्षारसूत्राकडे पाहण्याची शल्यचिकित्सकांची दृष्टी बदलण्यास त्याची मदतच झाली.

प्रकृती निराळी, औषध एकच?

'आमचे शास्त्र प्रत्येक रुग्णाची प्रकृती पाहून औषध देते. सर्वांना एकच पुडी देऊन त्याची परीक्षा कशी होणार?' हा आक्षेप वैद्य मंडळी घेतात आणि तो गैरलागू नाही. आयुर्वेदात क्रूर, मध्यम व मृदू असे कोष्ठाचे प्रकार सांगितले आहेत आणि एकाला जे सौम्य रेचक तेच दुसऱ्याला जुलाब ठरू शकते. चिनी वैद्यकातही बद्धकोष्ठाचे असे भेद मानतात. हाँगकाँगच्या संशोधकांनी यातून मार्ग काढला तो असा: आधुनिक व्याख्येनुसार बद्धकोष्ठ असलेले रुग्ण निवडायचे आणि त्यांतून चिनी वैद्यकाच्या निदानानुसार ज्यांना ही गोळी लागू पडावी, अशांनाच चाचणीत घ्यायचे. निवड परंपरेच्या नियमाने, मोजमाप आधुनिक नियमाने. क्रूर कोष्ठाच्या रुग्णांना वेगळे काढून त्यांच्यातच दोन गट करणे आयुर्वेदालाही अशक्य नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

गुणापेक्षाही सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन घटविण्याच्या उपचारात चिनी वनौषधी घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. नऊ रुग्णांची हकिगत १९९३ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केली. पुढे ही संख्या शंभरावर गेली आणि काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. मिळत्याजुळत्या चिनी नावामुळे एका वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया कुळातील दुसरीच विषारी वनस्पती त्यात आली होती. आपल्याकडील ईश्वरी, म्हणजे सापसंद, ही वेल याच कुळातली. औषधाचे सूत्र अचूक असले तरी पिशवीत प्रत्यक्षात काय भरले आहे, हे तपासल्याशिवाय त्या सूत्राला अर्थ नाही.

भारतीय औषधांनाही हा धडा मिळाला आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांत विकल्या जाणाऱ्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर निव्वळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची करण्यात आली.

कायद्याची स्थितीही समजून घेणे आवश्यक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार ठरलेल्या ग्रंथांतील सूत्रानुसार बनविलेल्या आयुर्वेदीय औषधाला परवाना मिळण्यासाठी ग्रंथाचा आधार मोठ्या प्रमाणात पुरेसा मानला जातो. २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब ने स्वामित्व असलेल्या नव्या मिश्रणांसाठी अधिक पुरावा मागितला. चिनी वैद्यकाचा मात्र देशी औषधांच्या या चौकटीत समावेश नाही. त्यामुळे इंटरनेटवरून आलेल्या चिनी गोळीच्या बाटलीवर भारतातील परवान्याचा क्रमांक नसेल, तर तिच्यात काय आहे याची हमी येथे कोणीही घेतलेली नसते. हाँगकाँगमध्ये ज्या औषधाची परीक्षा झाली तेच या बाटलीत आहे, असे केवळ नाव सारखे असल्याने मानता येत नाही.

रुग्णाने काय पाहावे?

मुळात सगळ्या बद्धकोष्ठाचे कारण एक नसते. थायरॉईडचे काम मंदावणे, मधुमेह, पार्किन्सनचा विकार, लोहाच्या गोळ्या, कोडीन किंवा मॉर्फिनसारखी वेदनाशामके यांमुळेही पोट साफ होत नाही. काही रुग्णांत आतडे ठीक असते, पण शौचाच्या वेळी जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात. अशांना रेचकापेक्षा त्या स्नायूंच्या प्रशिक्षणाचा अधिक उपयोग होतो. शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, रक्तक्षय, पन्नाशीनंतर अचानक शौचाची सवय बदलणे किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास असणे, यांपैकी काहीही असेल तर चूर्ण बदलत बसण्यापेक्षा तातडीने तपासणी करून घेणे श्रेयस्कर. वर्षानुवर्षे घेतलेल्या रेचकाचा सर्वांत मोठा धोका हाच, की ते खऱ्या रोगावर पांघरूण घालते.

ज्यांना असा कोणताही रोग नाही, त्यांच्यासाठी पुरावा असलेले पर्याय उपलब्ध आहेत. अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०२३ मध्ये दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनात पॉलिएथिलीन ग्लायकॉल या औषधाची ठाम शिफारस आहे. चोथायुक्त पूरके, ज्यांत इसबगोलाचा समावेश होतो, आणि सोनामुखी यांची शिफारस तुलनेने मर्यादित स्वरूपाची आहे. म्हणजे आजीच्या बटव्यातील दोन औषधे आधुनिक यादीतही आहेत. पण तिथे ती वयाच्या जोरावर नव्हे, तर चाचण्यांच्या आधारे आली आहेत.

कोणतेही चूर्ण वा गोळी, मग ती चिनी असो की देशी, घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारता येतील. वेष्टनावर सर्व घटक व त्यांचे प्रमाण दिले आहे काय? त्यात सोनामुखी किंवा रेवंदचिनी आहे काय, आणि असल्यास किती दिवस घ्यायचे हे सांगितले आहे काय? उत्पादनावर भारतातील परवान्याचा क्रमांक आहे काय? आणि त्याची चाचणी झाली असे म्हटले असेल, तर तीत तुलनेचा गट होता काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सोयही आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जुलै २००७ मध्ये सुरू केलेली औषध चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. आयुर्वेदीय औषधांच्या चाचण्याही तीत नोंदविल्या जातात आणि रुग्णसंख्या, गट व कालावधी यांचा तपशील तिथे मिळतो.

हाँगकाँगच्या चाचण्यांनी चिनी वैद्यक श्रेष्ठ ठरले, असे नाही. अठराशे वर्षांच्या जुन्या सूत्रालाही मात्रा, प्लासिबो आणि ओळखीचे औषध या तीन पायऱ्या चढायला लावता येतात आणि तसे केल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पनवेल तालुक्यात दीडशे वर्षांची औषधनिर्मितीची परंपरा, आयुर्वेदाचे शिक्षण आणि चाचण्यांचे आधुनिक शास्त्र ही तिन्ही आज हाकेच्या अंतरावर आहेत. त्रिफळेला त्याच तीन पायऱ्या चढविण्याचे काम येथे होऊ शकले, तर त्याचा लाभ रोज रात्री श्रद्धेने चमचाभर चूर्ण घेणाऱ्या रुग्णालाच होईल. निदान आपण काय, किती आणि किती दिवस घ्यावे, हे तरी त्याला कळेल.